टू लेट!



आपल्या हाय स्ट्रीटवर पोस्ट ऑफिसच्या पुढे तिसरं दुकान मोटाभाईंचं होतं, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. मी १९७९ साली लग्न होऊन या गावात आले, तेव्हा हिंग, मोहरी, तूरडाळ, गूळ हे सगळं एका छपराखाली मिळणारं ते एकच ठिकाण. मोटाभाईंचं कुटुंब १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या लोकांपैकी. नव्वद दिवसांची मुदत आणि हातात एक-दोन बॅगा. त्या वेळी सुमारे २८ हजार माणसं ब्रिटनमध्ये आली. मोटाभाईंनी इथे एका इंग्रज खाटकाचं बंद पडलेलं दुकान भाड्याने घेतलं, मागच्या भिंतीवरचे आकडे काढले आणि तिथे फळ्या ठोकून मसाल्यांच्या बरण्या मांडल्या. ‘बेन, आजे कोथमीर ताजी आवी छे,’ असं ते दारातूनच ओरडायचे, आणि मी मराठीतून उत्तर द्यायची. दोघांचंही छान भागायचं.

२०२२ च्या मार्चमध्ये त्या दुकानाचं शटर खाली आलं, ते अजून वर गेलेलं नाही. मोटाभाई मुलाकडे गेले, आणि इमारत आधीच एका कंपनीने विकत घेतली होती. आता काचेवर धूळ, दारात पिझ्झाच्या जाहिरातींचा ढीग आणि वर ‘टू लेट’ची पाटी. आमचे ‘हे’ दर वेळी तिथून जाताना तोच विनोद करतात. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं असलं तरी देवनागरीत ‘भाड्याने देणे आहे’ आणि ‘फार उशीर झाला’ हे दोन्ही ‘टू लेट’च! पहिल्यांदा हसू आलं. आता येत नाही.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण आपली रविवारची मराठी शाळा. तीस मुलं, चार शिक्षिका, एक कपाट पुस्तकं आणि गणपतीच्या मखराची खोकी. गेल्या काही वर्षांत आपण तीन जागा बदलल्या. सध्या जिथे बसतो तिथे पलीकडच्या अर्ध्या हॉलमध्ये बॅडमिंटन चालतं. ‘क कमळाचा’ म्हणेपर्यंत डोक्यावर शटलकॉक! कपाट तर आमच्याच गॅरेजमध्ये आहे. मागच्या कमिटीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, ‘गावात इतकी दुकानं रिकामी पडली आहेत, त्यातलं एखादं आपल्याला का मिळू नये?’ सगळे हसले. मी मात्र घरी येऊन वाचत बसले. वाचलं त्यातलं कामाचं तेवढं इथे मांडते.

दुकानं रिकामी का राहतात?

आपल्याला साधा व्यवहार कळतो. गिऱ्हाईक नसेल तर भाव उतरवायचा. मग मालक भाडं उतरवून दुकान का देत नाहीत?

पुष्कळ इमारतींचे मालक हे गावातले लोक नसतात. कुठे पेन्शन फंड असतो, कुठे गुंतवणूक करणारी कंपनी, तर कुठे परदेशातला मालक. इमारतीची किंमत ही तिला किती भाडं येऊ शकतं यावरून ठरते, आणि त्या किमतीवर बँकेचं कर्ज असतं. वीस हजार पौंडांचं दुकान बारा हजारांना दिलं, की कागदोपत्री इमारतीची किंमत उतरते आणि बँक विचारायला येते. त्यापेक्षा ‘वीस हजार मागतो आहोत, अजून कुणी मिळालं नाही’ असं म्हणत बसणं सोयीचं. त्यातून इथल्या कित्येक जुन्या करारांत भाड्याचा फेरविचार फक्त वरच्या दिशेनेच होतो, खाली कधीच नाही. जुलै २०२५ मध्ये सरकारने पार्लमेंटात मांडलेल्या एका विधेयकात नव्या करारांतून ही अट काढून टाकायची तरतूद होती, यावरून ती किती बोचत असेल ते समजा.

रिकाम्या दुकानावरही रेट्स भरावे लागतात. पहिले तीन महिने माफी, त्यानंतर २००८ च्या एप्रिलपासून इंग्लंडमध्ये बहुतेक दुकानांना पूर्ण आकारणी. पण पळवाटा असतातच. सहा आठवडे कुणालातरी नावापुरतं आत बसवायचं आणि पुन्हा तीन महिन्यांची माफी घ्यायची, असा उद्योग वर्षानुवर्षं चालला. १ एप्रिल २०२४ पासून सहाचे तेरा आठवडे करण्यात आले.

आणि दुकानं बंदही थोडीथोडकी झाली नाहीत. जानेवारी २००९ पर्यंत वूलवर्थची आठशेच्या वर दुकानं एकदम बंद झाली. मुलांच्या शाळेच्या वह्या आणि सुटी चॉकलेटं आपण तिथूनच आणायचो. मग २०१६ मध्ये बीएचएस, २०२१ मध्ये डेबनहॅम्स. डिसेंबर २०११ मध्ये मेरी पोर्टास बाईंनी हाय स्ट्रीटसाठी २८ शिफारशींचा अहवाल दिला, त्यावर चर्चा पुष्कळ झाली. पण कौन्सिलच्या हातात हत्यारं दोनच होती. एक, १९९० च्या प्लॅनिंग कायद्याचं कलम २१५. दुकान फारच गलिच्छ दिसत असेल तर ‘स्वच्छ करा, रंग लावा’ अशी नोटीस. म्हणजे रिकामं, पण रंगवलेलं दुकान! दुसरं, सक्तीने विकत घेणे. त्याला वर्षं लागतात आणि पैसे लागतात, आणि आपल्या कौन्सिलांकडे दोन्ही नाहीत.

नवा कायदा काय म्हणतो?

२ डिसेंबर २०२४ पासून इंग्लंडमधल्या कौन्सिलना तिसरं हत्यार मिळालं. हे आलं २०२३ च्या लेव्हलिंग-अप अँड रीजनरेशन ॲक्टमधून आणि त्याला म्हणतात ‘हाय स्ट्रीट रेंटल ऑक्शन’, म्हणजे भाड्याचा लिलाव. मालकी मालकाचीच राहते. लिलाव होतो तो फक्त ठरावीक वर्षं भाड्याने बसण्याच्या हक्काचा. हा कायदा फक्त इंग्लंडपुरता आहे. कार्डिफ आणि ग्लासगोच्या आपल्या वाचकांनी उगाच आपल्या कौन्सिलशी भांडू नये!

त्याच्या पायऱ्या अशा:

१. कौन्सिलने आधी तो रस्ता किंवा तो भाग ‘हाय स्ट्रीट’ किंवा ‘टाउन सेंटर’ म्हणून रीतसर जाहीर करायला हवा. हे झाल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही.

२. दुकान सलग वर्षभर रिकामं हवं, किंवा गेल्या दोन वर्षांत मिळून ३६६ दिवस तरी रिकामं राहिलेलं हवं. आत चार खोकी ठेवून ‘आम्ही वापरतो’ म्हटलेलं चालत नाही. माणसांची नियमित ये-जा हवी. शिवाय ते दुकान वापरात आल्याने गावाच्या व्यवहाराचं, समाजाचं किंवा परिसराचं भलं होईल, असं कौन्सिलला वाटायला हवं.

३. मग मालकाला पहिली नोटीस. ती दहा आठवडे लागू असते. या काळात मालकाने स्वतःच भाडेकरू शोधावा. मात्र करारासाठी कौन्सिलची लेखी संमती लागते आणि करार किमान एक वर्षाचा हवा.

४. आठ आठवडे होऊनही काही हललं नाही, तर कौन्सिल शेवटची नोटीस देऊ शकतं. ती चौदा आठवड्यांची. तिच्याविरुद्ध मालकाला चौदा दिवसांत हरकत घेता येते. ‘मला स्वतःला तिथे धंदा करायचा आहे’, ‘इमारतीचं मोठं बांधकाम काढलं आहे’, ‘दुकान तितके दिवस रिकामं नव्हतंच’ अशी कारणं देता येतात आणि वाद काउंटी कोर्टात नेता येतो.

५. तरीही प्रश्न सुटला नाही तर लिलाव. यात किमान भाड्याची अट नाही. आलेल्या बोलींतून मालक आपल्या पसंतीचा भाडेकरू निवडू शकतो. त्याने निवडला नाही तर सर्वांत जास्त भाड्याची बोली धरतात. करार एक ते पाच वर्षांचा. मालकाने सही करायचं नाकारलं, तर त्याच्या वतीने कौन्सिल सही करू शकतं.

आता ज्या ओळीवर माझे डोळे थांबले, ती सांगते. अशा दुकानात काय काय चालेल याची यादी कायद्यातच दिली आहे. दुकान, ऑफिस, लोकांना सेवा देणारी जागा, खानावळ किंवा कॅफे, करमणुकीची जागा, आणि ‘सार्वजनिक सभागृह किंवा लोकांनी जमण्याची जागा’. मंडळी, मंडळ म्हणजे दुसरं काय असतं?

दादांची हरकत

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने कोजागिरीला दूध आटवता आटवता सांगत होते. आपले एक ज्येष्ठ सभासद ऐकत होते. त्यांना आपण सगळे दादाच म्हणतो. मध्येच म्हणाले, ‘म्हणजे वहिनी, तुम्ही माझ्या दुकानाचा लिलाव करणार तर!’

मी चपापलेच. दादांनी निवृत्तीनंतरची तरतूद म्हणून शेजारच्या गावात एक दुकान घेतलं होतं, हे मी विसरूनच गेले होते. लॉकडाऊनमध्ये भाडेकरू न्हावी धंदा बंद करून गेला. तेव्हापासून छप्पर गळतंय, रेट्स भरावे लागताहेत आणि एजंट म्हणतो की मागणी नाही. दादा म्हणाले, ‘तुम्हाला वाटतं रिकाम्या दुकानाचा मालक म्हणजे लंडनमध्ये सिगार ओढत बसलेला कुणी लक्षाधीश. मी एनएचएसची बत्तीस वर्षं नोकरी केली आहे.’

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्यात असे आणखीही असतील. मुलांच्या शिक्षणासाठी, म्हातारपणासाठी एखादं दुकान, वर एक फ्लॅट. कायदा त्यांना आणि मोठ्या कंपनीला एकच माप लावतो. शिवाय भाड्याने द्यायची जागा सुरक्षित आणि वापरण्याजोगी करून द्यायची जबाबदारी मालकावर येते. गळकं छप्पर तसंच ठेवून भाडं घेता येणार नाही.

पण त्या रात्री बोलता बोलता दुसरी बाजूही पुढे आली. दादा रेट्स, विमा आणि दुरुस्ती मिळून दर वर्षी पैसे घालतच आहेत. दोन वर्षं अगदी कमी भाड्याने जरी कुणी बसलं, तरी रेट्सचा बोजा त्या भाडेकरूकडे जातो, काचा फुटत नाहीत, ओल कळते. मी म्हटलं, ‘दादा, नोटीस यायची वाट कशाला बघायची? पहिल्या नोटिसीचा हेतूच मुळी हा आहे की मालकाने जागं व्हावं. तुम्ही तर जागेच आहात.’ ते काही बोलले नाहीत. दुधाचा पेला मात्र दुसऱ्यांदा पुढे केला.

तेव्हा ज्यांचं दुकान रिकामं आहे त्यांच्यासाठी एवढंच. आलेलं पत्र ड्रॉवरमध्ये टाकू नका. हरकतीचे चौदा दिवस पटकन जातात. आणि स्वतः ठरवलेला भाडेकरू, स्वतः ठरवलेलं भाडं हे लिलावापेक्षा केव्हाही बरं.

बोली लावणाऱ्यांनी काय बघावं?

आपल्यातल्या काही भगिनी घरून डबे करतात, दिवाळीचा फराळ करतात. एकीचं चकलीचं भाजणीचं पीठ तर मँचेस्टरपर्यंत जातं. तिने मला विचारलं, ‘काकू, मी बोली लावू का?’ तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

पहिली गोष्ट, मुंबईची पागडी डोक्यातून काढून टाकायची. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यापासून आपल्या मनात पक्कं बसलं आहे की एकदा आत शिरलेला भाडेकरू हलत नाही. इथे उलटं आहे. लिलावातून मिळालेल्या जागेला १९५४ च्या कायद्याचं संरक्षण नाही. मुदत संपली की किल्ली परत द्यायची. मालकाने पुन्हा दिली तर ठीक, पण हक्क म्हणून मागता येत नाही. तेव्हा पाच वर्षांत फिटणार नाही इतका खर्च भिंतींवर करायचा नाही. पितळी दिवे आणि संगमरवरी काउंटर नंतर!

दुसरी गोष्ट, भाडं स्वस्त म्हणजे दुकान स्वस्त असं नाही. त्याशिवाय अनामत रक्कम, वीज, विमा, रेट्स. रेट्सचं थोडं समजून घ्या. एकच दुकान असेल आणि त्याचं रेटेबल व्हॅल्यू १२ हजार पौंडांपर्यंत असेल, तर २०१७ पासून छोट्या धंद्याला पूर्ण सवलत मिळत आली आहे. १२ ते १५ हजारांमध्ये ती कमी कमी होत जाते. सवलत आपोआप येत नाही, अर्ज करावा लागतो.

तिसरी गोष्ट, लिलावाआधी कागदपत्रांचा गठ्ठा मिळतो, त्याला ऑक्शन पॅक म्हणतात. तो सगळा वाचायचा आणि वकिलाला दाखवायचा. वकिलाची फी वाचवून घेतलेलं दुकान महागात पडतं.

चौथी गोष्ट, खाण्याचे पदार्थ विकायचे असतील तर धंदा सुरू करण्याआधी किमान २८ दिवस कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. ती फुकट असते आणि घरून डबे करणाऱ्यांनाही लागू आहे. (हे वाचून ज्यांच्या पोटात गोळा आला, त्यांनी सोमवारीच फोन करावा.)

आणि आपलं मंडळ? आपण नोंदणीकृत चॅरिटी आहोत. चॅरिटीच्या कामासाठी वापरलेल्या जागेच्या रेट्समध्ये ८० टक्के सूट कायद्यानेच मिळते, आणि उरलेले २० टक्के माफ करायचे की नाही हे कौन्सिलच्या मर्जीवर. एरवी दुकानाच्या जागेत शाळा किंवा सभागृह चालवायचं तर प्लॅनिंगची परवानगी लागू शकते. पण लिलावातून घेतलेल्या जागेला कराराच्या मुदतीपुरता वापर बदलण्याची मुभा याच कायद्याबरोबर आली आहे. तरी प्लॅनिंग ऑफिसला एकदा लेखी विचारून घ्यावं.

मग आता काय?

या कायद्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘मे’ हा आहे. कौन्सिल हे करू शकतं, पण त्याने केलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. कुणी विचारलंच नाही, तर कामाच्या ओझ्याखाली दबलेला अधिकारी स्वतःहून हे काम ओढवून घेणार नाही. आणि आपण मंडळी विचारण्यात फार मागे. गणपतीला दोनशे माणसं जमवतो, पण वॉर्डाच्या नगरसेवकाचं नाव विचारलं तर दहाजणांना सांगता येणार नाही. ‘आपण परक्या देशातले, कशाला कुणाच्या डोळ्यांवर यायचं’ ही भीती १९७९ साली मलाही होती. आता आपली नातवंडं इथल्या शाळांत आहेत, रेट्स आणि कौन्सिल टॅक्स आपण भरतो. हा हाय स्ट्रीट कुणा दुसऱ्याचा नाही.

म्हणून कमिटीपुढे मी तीन गोष्टी ठेवल्या आहेत.

एक, येत्या दोन रविवारी शाळा सुटल्यावर पालकांनी मुलांना घेऊन हाय स्ट्रीटवर एक चक्कर मारावी आणि रिकाम्या दुकानांची यादी करावी. नंबर काय, केव्हापासून बंद, कुणाची पाटी. मुलांना मराठीतून लिहायला लावा, तोच त्या दिवसाचा गृहपाठ!

दोन, त्या यादीसह मंडळाने कौन्सिलला पत्र लिहावं. दोनच प्रश्न विचारायचे. आमचा हाय स्ट्रीट या कायद्याखाली जाहीर केला आहे का? नसेल तर केव्हा करणार? शेजारच्या गुरुद्वाऱ्याच्या आणि चर्चच्या मंडळींनाही सही करायला सांगावी. त्यांनाही जागा हवी आहे.

तीन, मोटाभाईंच्या जुन्या दुकानाच्या एजंटला आपणच सरळ विचारावं की दोन-तीन वर्षांसाठी मंडळाला कमी भाड्याने द्याल का? रिकाम्या दुकानाचे रेट्स वाचतील हेही सांगावं. त्याला हो म्हणायला कुठलाही कायदा लागत नाही.

यातून जागा मिळेलच असं नाही. पाच वर्षांनी पुन्हा खोकी उचलावी लागतील, हेही खरं. पण पाच वर्षांत आज पाच वर्षांची असलेली मुलगी दहा वर्षांची होते आणि पुस्तक वाचायला लागते. तेवढं झालं तरी भाडं वसूल.

वार्षिक सभेत हा विषय पाचव्या क्रमांकावर आहे, म्हणजे जेवणाच्या जरा आधी. कृपया बटाटेवड्यांच्या वासाने उठून जाऊ नका. दादा येणार आहेत. काल त्यांचा फोन आला होता. म्हणाले, ‘वहिनी, छपराचं काम काढतोय. ती भाजणीवाली मुलगी दुकान बघायला येईल का, विचाराल?’

विचारलं आहे. शनिवारी दोघी जाऊन येणार आहोत.

— एक सभासद